कव्हरातली चिठ्ठी



परभणीहून मानवत रोडकडे निघालं की वाटेत रेल्वेचं पेडगाव लागतं. तिथल्या एका काकांनी मागे मला आपला फोन दाखवला. कव्हर काढलं, तर आत घडी घातलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पिन. "पैसे जातेत म्हणं साहेब, मला भ्या वाटतं. म्हणून समदं पुतण्याच बघतो." कापसाची पट्टी खात्यात जमा झाली की दुसऱ्या दिवशी काका सगळी रक्कम काढून घरी आणतात. घरातल्या पेटीची भीती मात्र त्यांना वाटत नाही!

पुतण्या गुणी असेल, माझं काही म्हणणं नाही. पण चोराच्या धाकानं आपण किल्लीच दुसऱ्याकडे देऊन बसलो. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घातलेला नियम ऐका. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच पैसे उडवले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की तुमच्यावर बोजा नाही. पिन तुम्हीच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या अंगावर.

फोन सोडू नका, त्यातली रक्कम कमी करा. बाजारला जाताना आपण सगळी पुंजी खिशात घालतो का? फोनसाठी वेगळं खातं उघडा, त्यात हजार-दोन हजार ठेवा. पट्टीचे पैसे ज्या खात्यात येतात, ते फोनला जोडूच नका.

आता अंगठ्याचं. बँकमित्राकडे पैसे काढताना "ठसा उमटला नाही, परत लावा" असं ऐकू आलं, तर आधी पहिल्या वेळची पावती मागा. व्यवहार झाला नसेल, तर तसं पावतीवर छापून येतं. आधारचा ठसा एम-आधार ॲपमधून कुलूपबंद करता येतो, लागेल तेव्हा उघडता येतो. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण अंगठ्याच्या व्यवहाराला पिन लागतच नाही.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा पीएम किसानची फाइल आली आणि नावाच्या शेवटी 'एपीके' दिसलं, तर ती उघडू नका. ती पत्रिका नव्हे, ॲप असतं. तुमचे मेसेज वाचतं आणि ओटीपी परस्पर पळवतं. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला की फोन ठेवा.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा आणि बँकेलाही कळवा. चोरलेले पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात; ते एटीएममधून निघायच्या आत गाठले, तरच अडवता येतात. उद्या सकाळी बघू म्हटलं, की गेले.

काकांनी माझ्यासमोरच चिठ्ठी फाडली, पिन बदलला. नवा पिन काय ठेवला ते मला सांगायला लागले होते. मी कानावर हात ठेवले.