किर्गिझांच्या घरचा घोडा

घोडा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाई, शर्यत, नाहीं तर लग्नाची वरात उभी राहते. आपल्या लेखीं तो प्रसंगाचा प्राणी. पण ज्या मुलखांत घोड्यावांचून साधा संसार चालत नाहीं, अशा एका मुलखाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. तो मुलूख म्हणजे मध्य आशियांतील किर्गिझस्तान. तियेनशान पर्वताच्या रांगांनीं हा देश व्यापलेला असून त्याचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून १५०० मीटरांहून उंच आहे. नांगराखालीं येणारी जमीन थोडी. गवत मात्र अमाप. त्यांच्या भाषेंत ‘आत्’ या शब्दाचा अर्थ घोडा असाही होतो आणि नांव असाही होतो. हे दोन शब्द मुळांत एकच आहेत असें भाषाशास्त्र म्हणणार नाहीं. पण घोड्यावांचून माणसाला नांव नाहीं, असा अर्थ त्यांतून कोणी काढला तर किर्गिझ माणूस तरी हरकत घेणार नाहीं.

जून महिना आला कीं कुटुंबें गुरांसह उंचावरील कुरणांकडे निघतात. या कुरणांना ‘जैलू’ म्हणतात. नारिन प्रांतांतील सोन-कुल सरोवराभोंवतालचें कुरण यांत विशेष प्रसिद्ध. तें ३००० मीटरांहून उंचावर असून तेथें औषधालाही झाड सांपडत नाहीं. नमद्याचे गोल तंबू उभे राहिले कीं त्यांच्यासमोर जमिनीलगत एक लांब दोर ताणून त्याला शिंगरें बांधतात. ही त्यांची दावण. घोड्या मोकळ्या चरतात. परंतु पिलें बांधलेलीं असल्यामुळें फार दूर जात नाहींत. घोडीची कास लहान. गाईप्रमाणें दोन वेळां धार काढून तिचें भागत नाहीं. दर दोन तासांनीं, दिवसांतून पांच-सहा वेळां तिचें दूध काढावें लागतें. आधीं शिंगरूं सोडावयाचें. त्यानें दोन घोट घेतले कीं आईला पान्हा फुटतो. मग त्याला ओढून तिच्या अंगाशींच धरून ठेवावयाचें, कारण तें दूर गेलें कीं घोडी पान्हा चोरते. दूध काढणारी बाई एक गुडघा टेकून, घोडीच्या मागच्या पायाला हाताचा विळखा घालून झरझर धार काढते. एका वेळेला पदरांत पडणारें दूध फार तर लिटरभर.

या दुधांत स्निग्धांश कमी आणि साखर अधिक. त्यामुळें तें लवकर आंबतें. धुरी दिलेल्या चामडी बुधल्यांत जुन्याचें विरजण ठेवलेलें असतें. त्यांत ताजें दूध ओतून लांकडी रवीनें घुसळीत राहावयाचें. या रवीला ‘बिश्केक’ म्हणतात, आणि देशाच्या राजधानीचें नांवही तेंच आहे. यांतून जें आंबट, फेसाळ, किंचित् मादक पेय तयार होतें तें कुमिस. जिभेला सवय नसलेल्यानें पहिल्या घोटावरून त्याचा निवाडा करूं नये.

मुलें चार-पांच वर्षांचीं झालीं कीं घोड्यावर बसतात. त्यांच्यासाठीं ‘आशामाय’ नांवाचें वेगळें खोगीर असतें. त्याला पुढें व मागें लांकडी आधार असल्यामुळें पोर पडत नाहीं. ‘कोक-बोरू’ हा घोडेस्वारांचा दांडगा खेळ २०१७ सालीं युनेस्कोच्या यादींत गेला, म्हणून त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्यांत मुंडकें कापलेल्या बोकडाचें धूड हिसकावून प्रतिपक्षाच्या कुंडांत टाकावयाचें असतें. पण ज्या बैठकीच्या जोरावर तो स्वार खेळतो, ती त्यानें मेंढ्या वळतांना कमावलेली असते, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

आतां एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी ऐकून आपल्यापैकीं अनेकांना दचकावयास होईल. हे लोक घोड्याचें मांस खातात. लग्नाला, विशेषतः मृताच्या स्मरणार्थ होणाऱ्या ‘आश’ नांवाच्या भोजनाला घोडा कापला नाहीं तर घराण्याची शोभा राहत नाहीं. मांसाचे तुकडे वाटण्याचाही क्रम ठरलेला असून वय आणि मान पाहून ज्याचा त्याला वांटा मिळतो. ज्या घोड्यावर बसावयाचें, तोच ताटांत कसा घ्यावयाचा, असें आपण विचारूं. त्यांना यांत विसंगति वाटत नाहीं; आणि मला वाटतें, घोड्याचें दूध, श्रम व मांस या तिन्हींवर ज्यांचा निर्वाह आहे, त्यांच्याकडून आपल्या भावनेची अपेक्षा करणें न्यायाचें होणार नाहीं. मात्र या भोजनांपायीं कर्जांत बुडालेलीं कुटुंबें तेथेंही आहेत. तेराव्याच्या जेवणावळींचा खर्च ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अधिक खुलासा नको.

घोड्याचें खरें मोल कळतें तें हिवाळ्यांत. कुरण बर्फाखालीं गाडलें जातें. मेंढीला जाड बर्फ फोडतां येत नाहीं. घोडा मात्र पुढच्या खुरानें उकरून खालचें गवत मोकळें करतो. म्हणून जुने गुराखी घोडे पुढें सोडीत आणि त्यांच्या मागोमाग मेंढ्या नेत. घोड्यानें उघड्या केलेल्या जागेंत त्यांचें पोट भरे. बर्फ एकदां वितळून पुन्हां गोठलें आणि वर कांचेसारखा थर जमला, तर मात्र घोड्याचेंही कांहीं चालत नाहीं. या संकटाला ‘जुत’ म्हणतात, आणि त्यापायीं कळपच्या कळप नाहींसे होत.

हा हिशेब सोव्हिएत राजवटीच्या वह्यांत बसला नाहीं. १९२९ सालापासून सामुदायिक शेतीची मोहीम सुरू झाली, तेव्हां सरकारला जनावरें देण्यापेक्षां अनेकांनीं तीं स्वतःच कापून टाकलीं. पुढें तलम लोकरीच्या मेंढ्यांवर सारा भर आला. घोडा हें मागासलेपणाचें लक्षण ठरलें. तो राखावयाचाच तर उंच व वेगवान असावा, म्हणून आपल्या भीमथडी तट्टाची आठवण करून देणाऱ्या स्थानिक घोड्याचा दोन व इंग्रजी जातींशीं संकर करण्यांत आला. १९५४ सालीं त्यांतून निघालेल्या ‘नव-किर्गिझ’ जातीला मान्यता मिळाली. मेंढ्या वाढत गेल्या. पण त्यांचा हिवाळ्यांतील दाणा बाहेरच्या प्रजासत्ताकांतून येऊं लागला.

१९९१ सालीं सोव्हिएत संघ मोडला आणि दाणा थांबला. डिझेलअभावीं ट्रॅक्टर जागच्या जागीं उभे राहिले. वांटणींत आलेल्या मेंढ्या विकून लोकांनीं पीठ घेतलें. सुमारें १ कोटीवर गेलेल्या मेंढ्या कांहीं वर्षांतच ४० लाखांच्या खालीं आल्या. घोडे मात्र ३ लाखांच्या आसपास होते, ते तितकेच राहिले. सर्वस्व विकावयास निघालेल्या माणसानें शेवटपर्यंत काय विकलें नाहीं, हें त्या आंकड्यांवरून दिसतें.

आज घोड्यांची संख्या ५ लाखांच्या वर आहे, आणि येथून अडचणीला आरंभ होतो. गांवचे तरुण मजुरीसाठीं रशियांत जातात. तेथून आलेला पैसा पेढींत ठेवण्यापेक्षां घोडींत घालणें घरच्या वडीलधाऱ्यांना अधिक भरंवशाचें वाटतें, कारण घोडी दूध देते, शिंगरूं देते आणि मांसाला भावही बरा येतो. परंतु कळप घेऊन दूरच्या जैलूवर जावयास तरुण हात हवेत, आणि ते तर परदेशांत. लांबच्या वाटा व पूलही पडझडीला आले आहेत. तेव्हां जनावरें गांवाजवळच्याच कुरणांत राहतात. तेथील गवताला वाढावयास उसंत मिळत नाहीं, आणि त्याच वेळीं वरच्या कुरणांतील गवत न चरतां वाळून जातें. २००९ सालच्या कायद्यानें कुरणांची व्यवस्था स्थानिक समित्यांकडे सोंपविली आहे. कोणाचीं किती जनावरें कोठें व किती दिवस चरावीं, हें आतां गांवानेंच ठरवावयाचें. आणि ठरविण्यास जे बसतात, त्यांच्या स्वतःच्याही घोड्या त्याच कुरणांत चरत असतात.