मर्जीचे राज्य आणि न्यायाची वाट
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भ्रष्टाचार म्हटले की फेरफार नोंदविण्यासाठी हात पुढे करणारा तलाठी किंवा नक्कल देण्यासाठी चिरीमिरी मागणारा कोर्टातील कारकून डोळ्यांसमोर येतो. ही पिळवणूक खरीच आहे. पण ती वरच्या व्यवस्थेची सावली आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी तिघांच्या संदर्भातील प्रकरणे पाहिली, तर या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात येते.

पहिले प्रकरण गुणांचे. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री असताना त्यांच्या कन्येच्या एम.डी. परीक्षेतील गुण वाढविल्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. तो फौजदारी खटला नव्हता. पण लोकलज्जेला तेव्हा काही वजन होते.

दुसरे प्रकरण शब्दाचे. २००६ साली बुलढाणा जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या सावकारीविरुद्ध तक्रारी होत्या. सावकार सत्ताधारी आमदाराच्या कुटुंबातला. या कुटुंबावरील तक्रारी थेट नोंदवू नयेत, आधी जिल्हा समितीपुढे ठेवाव्यात, अशी सूचना मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्याकडून गेली. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली आणि राज्य शासनाला १० लाख रुपयांचा भुर्दंड बसवला. तो भरायचा कोणी? सरकारी तिजोरीने, म्हणजे जनतेनेच!

तिसरे प्रकरण जमिनीचे. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत नातेवाइकांच्या नावे सदनिका असल्याचे उघड झाल्यावर नांदेडचे अशोक चव्हाण यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. २०१३ साली राज्यपालांनी खटल्यास मंजुरी नाकारली, २०१६ साली नव्या राज्यपालांनी ती दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. चार वर्षे वाद मंजुरीभोवतीच फिरत राहिला.

या तिन्हींत रोख लाच हा मुख्य मुद्दा नव्हता. मुद्दा होता तो अधिकाराच्या मर्जीचा. जेथे निर्णय नियमाने न होता मर्जीने होतो आणि मर्जीचा जाब विचारता येत नाही, तेथे भ्रष्टाचार उपजतोच. बदलीच्या धाकाने अधिकारी तोंडी आदेश पाळतो; महागड्या निवडणुकीने नेता धनिकांचा मिंधा होतो; आणि दाद मागणाऱ्याला तारखांमागून तारखा मिळतात. न्यायाला होणारा विलंब हा बलवानाला मिळालेला अभयच असतो. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात खटल्यासाठी शासनाची पूर्वमंजुरी होतीच. २०१८ साली १७-अ कलम घालून चौकशीच्या दारावरही मंजुरीचे कुलूप लावण्यात आले.

म्हणून केवळ माणसे बदलून भागणार नाही. तोंडी आदेश लेखी मागणे, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा गावोगाव वापरणे, तक्रारदार शेतकऱ्यासोबत ठाण्याच्या पायरीपर्यंत जाणे, ही कामे भाषणांहून मोलाची आहेत. बुलढाण्याच्या प्रकरणात मुख्यमंत्र्यांची सूचना उजेडात आली ती ठाण्याच्या दप्तरातील नोंदीमुळे आणि तक्रार न सोडणाऱ्या शेतकऱ्यामुळे. अशा माणसाला एकटे पडू न देणे, हेच कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय.