कंबरदुखी आणि मणक्यांची हालचाल

पुढे वाकणे हे एकाच सांध्याचे काम नव्हे. कंबरेचे पाच मणके आणि दोन्ही खुबे ते वाटून घेतात. आधी कंबर अधिक वाकते, नंतर खुबे. कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत ही वाटणी बिघडते. फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या या अधिवेशनाचा विषय नेमका तोच आहे.

हा बिघाड ओपीडीत नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. खाली पडलेली चप्पल उचलताना रुग्ण कंबर ताठ ठेवून गुडघ्यांत वाकतो आणि मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो. मोजण्यासाठी सुधारित शोबर चाचणी आहे: कंबरेच्या खालच्या खळ्यांच्या रेषेपासून १० सेंमी वर आणि ५ सेंमी खाली खुणा करून, पूर्ण वाकल्यावर ते अंतर किती वाढते ते टेपने पाहायचे. निरोगी तरुणात ते साधारण ५ सेंमी किंवा अधिक वाढते. टेपला वेग मात्र कळत नाही, आणि रुग्णांची हालचाल कमी असते तशीच संथही असते. उभ्या स्थितीतला कंबरेचा बाक मात्र रुग्णांत आणि निरोगी लोकांत सरासरीने सारखाच आढळतो; तरीही दुखण्याचे खापर अजून त्या बाकावरच फुटते.

खरा फरक स्नायूंत आहे. निरोगी माणूस पूर्ण वाकला की पाठीचे लांब स्नायू जवळजवळ शांत होतात आणि भार अस्थिबंधांसारख्या ऊती पेलतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५५ मध्ये हे सविस्तर मांडले. कंबरदुखीच्या बऱ्याच रुग्णांत हे स्नायू वाकल्यावरही आवळलेलेच राहतात. निरोगी स्वयंसेवकांच्या पाठीत तीव्र मिठाचे पाणी टोचून तात्पुरती वेदना निर्माण केली, तरी हाच परिणाम दिसतो. म्हणजे ताठरपणा निदान काही अंशी वेदनेतूनच येतो. वेदना ओसरल्यावरही तो टिकला, तर त्यामागे अनेकदा वाकण्याची भीती असते. अशा रुग्णाला 'वाकू नका' असे बजावणे ती भीती वाढवणारे ठरते.

अर्थात ही सगळी सरासरी आहे. काही रुग्ण निरोगी माणसासारखेच मोकळे वाकतात, म्हणून केवळ हालचालीवरून निदान होत नाही.

स्वागत समिती सर्व फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञांचे स्वागत करते. तपासणीच्या कागदावर सेंटिमीटरच्या शेजारी वाकून पुन्हा उभे राहायला लागलेले सेकंदही लिहावेत, एवढी तिची विनंती आहे.