सॉल्टेअर: गिरणी, गाव आणि मालक

गेल्या महिन्यात मुलांना घेऊन ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअरला गेलो होतो. एअर नदीकाठचं हे गाव सर टायटस सॉल्ट यांनी वसवलं. अल्पाकाच्या लोकरीच्या कापडावर त्यांनी पैसा कमावला.

१८४८ साली ते ब्रॅडफर्डचे महापौर झाले. शहरात धूर आणि घाण पाणी, पुढच्याच वर्षी कॉलऱ्याची साथ. सॉल्ट यांनी कारखाना शहराबाहेर नेला. २० सप्टेंबर १८५३ रोजी, स्वतःच्या ५०व्या वाढदिवशी, नवी गिरणी सुरू केली. मग कामगारांसाठी ८००वर घरं, शाळा, दवाखाना, वृद्धांसाठी निवारा, बाग. दारूच्या दुकानाला मात्र गावात जागा नव्हती.

एमबीए करताना आम्ही याला ‘कर्मचारी कल्याण’ म्हणायचो. पण माझ्या मुलीनं विचारलं, “बाबा, नोकरी गेली तर घराचं काय व्हायचं?”

मी गप्प झालो. इथे आलो तेव्हा माझा व्हिसा कंपनीशी बांधलेला होता. साहेब भला माणूस, तरी प्रत्येक मीटिंगला पोटात गोळा यायचा.

१८७६ मध्ये सॉल्ट गेले, तेव्हा अंत्ययात्रेला लाखभर लोक रस्त्यावर होते असं सांगतात. ते प्रेम खरंच असणार. २००१ पासून सॉल्टेअर जागतिक वारसास्थळ आहे. जरूर जाऊन या, मुलांनाही न्या. आणि त्यांनी असा प्रश्न विचारला, तर टाळू नका.