भ्रमणध्वनी आणि गावाची संध्याकाळ

(बीड जिल्ह्यातील सरपंच, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे नाव आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी तेथे एक उपक्रम सुरू झाला. सायंकाळी ७ वाजता भैरवनाथाच्या मंदिरावरील भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद करावयाचे, ते ८.३० वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचन करावे अथवा आपापसांत बोलावे, असे ठरले. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल काही सुटेना. या अडचणीतून गावाने ही वाट काढली.

या उपक्रमाची देशभर वाहवा झाली. परंतु त्यातील खरी ग्यानबाची मेख भोंग्यात नाही. भोंगा कोणत्याही गावाला विकत आणता येतो. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांची समजूत घातली, आणि नियम मुलांप्रमाणेच बापालाही लागू केला, हे महत्त्वाचे. बाप ओसरीवर मोबाईल पाहत बसला असेल तर मुलाला ‘पुस्तक उघड’ म्हणण्यास तोंड राहत नाही.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. हेतू चांगलाच होता. तथापि केवळ मुलांवर घातलेली बंदी टिकवणे कठीण, असे माझे मत आहे.

नवे साधन ठरावीक वेळी, सर्वांनी मिळून वापरावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत, आठवड्यातून दोन वेळा, वीसेक माणसे रेडिओभोवती जमत. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि संपल्यावर त्यावर चर्चा करीत. आपल्या शेजारचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हाही त्यात होता. बीड त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने आपल्याकडे तो प्रयोग झाला नाही. रेडिओ गावाला एकत्र बसवीत होता. मोबाईल एकेकाला वेगळा काढतो. घरात चार माणसे असली तर चौघांपुढे चार निरनिराळे पडदे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वडगावचा भोंगा आहे तसा उचलून पाटोदा, शिरूर कासार, धारूर किंवा वडवणीच्या एखाद्या गावात बसविला तर काय होईल? दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी, जिला आपण एक कोयता म्हणतो, मुकादमाची उचल घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातील फडावर जाते. पाच-सहा महिने घरी आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुले राहतात. मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून शासन हंगामी वसतिगृहे चालविते. पहाटे फडात शिरलेली आई रात्री गाडी भरून झाल्यावर कोपीवर परतते, चूल पेटविते आणि मग कोठे तिला लेकराची आठवण काढण्यास सवड मिळते. ती मोबाईल लावते तो नेमका तेव्हा. या मुलांच्या बाबतीत मोबाईल कुटुंबात दुरावा आणीत नाही. उलट तेच त्यांचे कुटुंब. त्या घटकेला गावाने मोबाईल बंद ठेवला तर आपण अभ्यासाच्या नावाखाली आईचा आवाज बंद करू.

पण तोच मोबाईल उरलेला सारा वेळ लेकराच्या हाती असतो, हेही तितकेच खरे. आजीला अक्षरओळख नसते. नातू काय पाहतो, कोणाशी बोलतो, हे तिला कळण्यास मार्ग नाही. एखाद्या अनोळखी माणसाने गोड बोलून छायाचित्र मागितले किंवा पैशांचा खेळ लावला, तर ते फडावरच्या बापाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी शाळेतील शिक्षक हाच जवळचा वडीलधारा. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० आणि मूल संकटात असल्यास १०९८ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत.

मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे विवाह वयाच्या १८ वर्षांआधी झाले होते. मुलीच्या हाती मोबाईल दिसला, कोणाचा संदेश आला, की ‘उजवून टाका’ अशी कुजबुज सुरू होते. मुलाला त्याच गोष्टीसाठी फार तर एक धपाटा मिळतो. मोबाईलची भीती मुलीची शाळा सुटण्याचे निमित्त ठरू देऊ नका. ग्रामसभेत नियम करावयाचा तर तो मुलगा-मुलगी दोघांसाठी एकच असावा.

आणि आपले स्वतःचे काय? कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री नऊ वाजता ‘तात्काळ माहिती सादर करावी’ असा संदेश येतो आणि गुरुजींचे ताट थंड होते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर अशा संदेशांपासून अलिप्त राहण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मानला आहे. कायद्याची वाट न पाहता एवढे तर आपणांस करता येईल की पूर, अपघात, साथ असे प्रसंग सोडून सायंकाळी ७ नंतर गटावर माहिती मागवू नये. हे मी प्रथम वरिष्ठांना उद्देशून बोलत आहे, कारण कनिष्ठांना गट मिटवून ठेवण्याची सोय नसते.

२ ऑक्टोबरच्या सुमारास आपण ग्रामसभा घेता. त्या वेळी बहुतेक टोळ्या गावातच असतात. त्या सभेत अभ्यासाची वेळ ठरवा. त्याच सभेत, बाहेर जाणारे प्रत्येक कुटुंब मुलाशी रात्री किती वाजता बोलू शकेल, कोणत्या क्रमांकावरून आणि घरी तो मोबाईल कोणाच्या ताब्यात राहील, हे विचारून हंगामी वसतिगृहाच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा. वेळा घरोघर वेगळ्या येतील. त्या तशाच लिहाव्यात. जानेवारीत फड बदलला की वेळही बदलेल. तेव्हा शिक्षकांनी मुलाला विचारून नोंद दुरुस्त करावी.