कर्जाचा कायदा जाणणारे कुलगुरू



कायद्याचा ग्रंथकार कुलगुरू झाला म्हटले की आपल्या मध्य प्रदेशात सागरच्या डॉ. हरिसिंह गौरांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही कोकणातल्या एका माणसाविषयी बोलणार आहोत: महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. भारतरत्न म्हणून ते ठाऊक असतात. कर्जाच्या कायद्याचे जाणकार म्हणून फारसे नाहीत.

जन्म १८८० चा, चिपळूणजवळचा. आधी रत्नागिरीला शाळामास्तर, १९११ पासून मुंबई हायकोर्टात वकील, पुढे सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक. या धबडग्यात त्यांनी नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' संपादायला घेतला. नीलकंठ सतराव्या शतकातले, राहणारे काशीचे, पण घराणे मूळ पैठणचे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेले मराठी कुटुंब! (आपण तर गाव सोडलेच नाही, १९५६ साली नागपूर तिकडे गेले आणि मोहगाव इकडे राहिले.) या ग्रंथाला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच काण्यांचा बेत होता. ती वाढत गेली आणि तिचे पाच खंड झाले. पहिला निघाला १९३० साली, शेवटचा १९६२ साली.

आपल्या कामाचा आहे तो १९४६ चा तिसरा खंड. मनूने वादाचे अठरा विषय सांगितले, त्यांत पहिला ऋणादान, म्हणजे कर्जाचा. आज 'दामदुप्पट' म्हटले की पैसे दुप्पट करून देणारी योजना आठवते. मूळ अर्थ नेमका उलटा आहे: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू कर्जदाराला हा आधार देत. बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडावे, आजोबाचे नातवाने फक्त मुद्दल फेडावे, आणि बापाने जुगारात किंवा दारूत केलेले कर्ज मुलावर नाही. त्याच शास्त्रात ब्राह्मणाला महिना शेकडा दोन आणि शूद्राला शेकडा पाच व्याजही सांगितले आहे. काण्यांचा मोठेपणा आम्हाला इथे दिसतो: जे सोयीचे तेवढेच दाखवून परंपरेची आरती त्यांनी ओवाळली नाही.

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि पुण्याचे विद्यापीठ अजून निघायचे होते. १९४९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले आणि पुन्हा लिहायला बसले. पोटाच्या जुन्या दुखण्याने पाठ सोडली नव्हती, तरी १९५३ ला चौथा खंड आला. त्याला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कपाशी आणि संत्र्यावर वर्ष काढणाऱ्या आपल्या भागात हा विषय पोथीतला नाही. बाप गेल्यावर तेराव्याच्या आत कोणी चिठ्ठी घेऊन दारात उभा राहतो, आणि पोरगा लाजेकाजेने अंगठा देतो. तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे: ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी, केवळ पुत्रधर्म म्हणून, मुलावर, नातवावर किंवा पणतूवर न्यायालय वसुली लादत नाही. बापाच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून घेणेकरी मागू शकतो, ती गोष्ट वेगळी. म्हणून सही करण्याआधी चिठ्ठीवरची तारीख वाचा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळे लिहून मागा, आणि सौंसरला जाऊन एखाद्या वकिलाला दाखवा.