धावणाऱ्याची बिदागी



आमच्या डिचोली तालुक्यात, सर्वणसारख्या गावात, जत्रेला दशावतारी नाटक ठेवायचे ठरले की आधी मंडळाशी बिदागीचे बोलणे होते. रक्कम किती, गाडीभाडे कोणाचे, जेवणाची सोय कोण करणार, सगळे पक्के होते. नाटक रंगले नाही म्हणून राजाची भूमिका करणाऱ्याचे पैसे कोणी कापत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत धावणाऱ्याचे मात्र उलट. तो पदरमोड करून येतो, स्वतःच्या बुटांवर धावतो आणि चौथा आला तर टाळ्या घेऊन परत जातो.

देशातली सर्वांत मोठी शर्यत घ्या. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अलीकडे विजेत्याला 50 हजार डॉलर, म्हणजे 40 लाखांहून अधिक रुपये मिळतात. पहिल्या भारतीयाला 5 लाख. हे ऐकून पुष्कळांचे रक्त उसळते. माझे उसळत नाही. जिंकणारा बहुधा इथिओपियाचा किंवा केनियाचा असतो आणि आपला पहिला गडी त्याच्यानंतर आठ-दहा मिनिटांनी पोचतो. भारतीयांसाठी वेगळी थैली ठेवली नसती तर आपल्या पोरांच्या हाती फारसे काही लागले नसते. शिवाय बाईला आणि पुरुषाला रक्कम सारखीच मिळते.

माझी तक्रार त्या 5 लाखांच्या मागच्या हिशोबाची आहे. 42.195 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन जीव तोडून धावायची तर वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. बाकीचे महिने आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर सराव. शर्यतीचे कार्बन प्लेटचे बूट वीस हजारांच्या घरात, आणि काहीशे किलोमीटरांत त्यांचा दम जातो. त्यावर अंडी, दूध, मालिश, खोलीचे भाडे. जानेवारीतल्या त्या एका सकाळी पोटरीत गोळा आला की वर्षाची निम्मी कमाई गेली. जिंकलात तरी उत्तेजक चाचणीचा अहवाल येईपर्यंत रक्कम अडकून राहू शकते. चाचणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण किराणावाला अहवालासाठी थांबत नाही.

म्हणून आपला धावपटू जगतो तो पगारावर. लष्कर, रेल्वे, ओएनजीसी. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत ओएनजीसीत लागली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत होती. 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षे ती मुंबईत भारतीय महिलांत पहिली आली. मग ती ट्रॅकवरच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली, 2014 च्या आशियाई स्पर्धेत तिने कांस्यपदक घेतले, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावी आली. पुढे महाराष्ट्र सरकारने तिला उपजिल्हाधिकारी केले. मला विचाराल तर ती खुर्ची मुंबईच्या रस्त्याने दिली नाही, ट्रॅकवरच्या तीन हजार मीटरने दिली. पदकाला सरकारी भाव आहे, रस्त्याला नाही.

परदेशातही हे आपोआप झाले नाही. 1897 पासून चालत आलेल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 1986 पर्यंत रोख बक्षीसच नव्हते. इतरत्र नामवंतांना पैसे मिळत, पण मागच्या दाराने, पाकिटातून. 1981 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या शर्यतीत धावपटूंनी संघटना करून उघडपणे बक्षीस घेतले. महिलांत जिंकलेल्या न्यूझीलंडच्या ॲन ऑडेनवर बंदी आली. पण दार उघडले ते उघडलेच. आपल्याकडे असे एकत्र येणे अवघड, कारण धावपटू पगारी नोकर, आणि ज्या साहेबाची मर्जी मोडायची त्याच्याकडेच सरावाची रजा मागायची असते.

आता आपल्या गोव्यात पाहा. वास्कोच्या बाजूला रिव्हर मॅरेथॉन होते, लहान-मोठ्या शर्यतीही ठिकठिकाणी होतात. हौशी मंडळी नोंदणीचे पैसे भरतात, त्यात त्यांना टी-शर्ट, पदक आणि फोटो मिळतो. चांगलेच आहे. पण फलकावर छापायला, रस्त्याला शोभा आणायला जे चार वेगवान लागतात, त्यांच्यासाठी त्या जमाखर्चात कोणता रकाना आहे?

डिचोलीत किंवा पेडण्यात कोणी शर्यत ठेवणार असेल, तर माझे मागणे मोठे नाही. एकट्या पहिल्याला 25 हजार देऊन पुठ्ठ्याचा भलामोठा चेक मिरवण्यापेक्षा तेच पैसे दहा जणांत उतरत्या क्रमाने वाटा. बाहेरगावच्या धावपटूला बसभाडे आणि रात्री टेकायला शाळेची खोली द्या. बक्षीस किती, कोणाला आणि कोणत्या तारखेला खात्यात पडणार, हे पत्रकावर आधी छापा. आणि प्रमुख पाहुणे उशिरा येणार असतील तर त्यांच्यासाठी समारंभ अडवून धरू नका. चोर्ला घाटाने बेळगावला परतणाऱ्या पोरांना साखळीहून बस गाठायची असते.